स्वस्त लॅपटॉप घेण्याआधी: मालवणच्या हवेत तो टिकेल का?

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या पहिला प्रश्न येतो, "पंचवीस हजारात बरोसो लॅपटॉप गावतलो काय?" गावतलो. पण जाहिरातीत दिसतो तो खोक्यातून नुकता काढलेला लॅपटॉप, आणि आमच्या टेबलावर येतो तो दोन पावसाळे काढलेला. त्या टेबलावर जे दिसतं तेवढंच या पत्रकात लिहिलं आहे. आम्ही विकतोही आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे काही गोष्टी आमच्याच धंद्याच्या विरुद्ध जातील. जाऊ देत.

आधी मशीन उलटं करा

समुद्राजवळ राहणाऱ्याला गंज समजावून सांगायला नको. खिडकीचे गज, सायकलची चेन, पंख्याचे स्क्रू बघताच आहात. लॅपटॉपच्या आत तेच चालतं, फक्त दिसत नाही. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर मिठाचे बारीक कण आत जातात, मीठ ओलावा धरून ठेवतं आणि तांब्यावर हिरवट थर चढायला लागतो. जून-जुलैत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या: कीबोर्डच्या चार कळा मेल्या, यूएसबी कधी लागते कधी नाही, दिवा पेटतो पण स्क्रीन काळी.

काळ्या स्क्रीनचं मशीन पुष्कळदा रॅमची (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मरणाची) पट्टी काढून, तिच्या पिवळ्या टोकांवरची घाण पुसून परत बसवली की उठतं. दहा मिनिटांचं काम. पण रॅम मुख्य सर्किट बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असेल तर काढणार काय? मग बोर्डाचं काम निघतं, आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये बोर्ड बदलण्याचा खर्च नव्या मशीनच्या जवळपास जातो.

म्हणून आम्ही प्रोसेसरच्या, म्हणजे मशीनच्या मेंदूच्या, आधी मशीन उलटं करून बघतो. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का? रॅमला निदान एक मोकळा स्लॉट आहे का? एसएसडी (फाइली साठवणारा भाग) वेगळी निघते का? कीबोर्ड बाजारात सुटा मिळतो का? चारांपैकी तीन उत्तरं "होय" असतील तर ते मशीन इथे पाच वर्षं काढू शकतं. एकही नसेल तर ते कितीही देखणं असो, आमच्या हिशेबी ते महागच.

हिशेब सोपा आहे. २४ हजारांचं मशीन दोन वर्षांत गेलं तर वर्षाला १२ हजार पडले. ३६ हजारांचं पाच वर्षं चाललं, मध्ये बॅटरी आणि साफसफाईला ४ हजार गेले, तरी वर्षाला ८ हजारच.

"मिलिटरी ग्रेड" या शब्दाला भुलू नका. अमेरिकी सैन्याच्या एमआयएल-एसटीडी-८१० या प्रमाणात आपटणं, कंपन, उष्णता, दमटपणा अशा पुष्कळ चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे कंपनी स्वतः ठरवते. आपल्या कामाची चाचणी म्हणजे खाऱ्या धुक्याची, क्रमांक ५०९. कंपनीच्या यादीत ती दिसली तर उत्तम. नसेल तर त्या शिक्क्याचा किनाऱ्यावर फारसा उपयोग नाही.

खोक्यावरचे आकडे

सेलेरॉन एन४०२० हा इंटेलचा दोन कोअरचा (काम करणाऱ्या दोन गाभ्यांचा), २०१९चा प्रोसेसर. तो घातलेला लॅपटॉप खोक्यात नवा असला तरी वर्ड आणि पाच-सहा टॅब एकत्र उघडले की त्याला घाम फुटतो. इंटेलने २०२३पासून लॅपटॉपवरून सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं काढली, त्यामुळे आता नुसतं "इंटेल प्रोसेसर" लिहिलेलं दिसतं. पुढचा क्रमांक वाचा. एन१०० असेल तर चार कोअर मिळतात. ऑनलाइन फॉर्म, बँक, होमस्टेचं बुकिंग, मुलांचे व्हिडिओ याला तो पुरतो.

प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिची गंमत वेगळी. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, फरक एका आकड्याचा. पहिल्यात चार कोअर आणि २०१९ची रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि त्यापुढच्या पिढीची रचना. हा भेद क्रमांकातला तिसरा आकडा सांगतो. वर ७५२०यूची रॅम नेहमी सोल्डर केलेलीच असते. घ्यायचाच असेल तर १६ जीबीचा घ्या, कारण नंतर वाढवता येणार नाही.

रॅम ८ जीबीच्या खाली नको. साठवणीच्या जागी "ईएमएमसी" लिहिलं असेल तर सरळ पुढच्या दुकानात जा, मग ते दुकान आमचं असलं तरी. तो बोर्डावरचा भाग आहे, मंद आहे आणि बदलता येत नाही. ५१२ जीबीची एसएसडी संगणकात ४७६ दिसते म्हणून दरवर्षी कुणीतरी भांडायला येतं. ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या, एवढंच.

मुंबईहून आलेला लॅपटॉप

गणपतीत चाकरमानी येतात आणि ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन भाच्याला देऊन जातात. खरं सांगायचं तर कंपन्यांत वापरलेली ही जाड, काळी मशीनं आम्हाला नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा जास्त आवडतात. बिजागरी मजबूत, झाकण सहज उघडतं, सुटे भाग मिळतात. पण घेण्याआधी एवढं पाहा.

विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलच्या बाजूने साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-७२००यू म्हणजे सातवी. सातवीचं मशीन फुकट मिळालं तर घ्या, पैसे मोजू नका.

दुसरं, कंपनीचं कुलूप. मशीन पूर्ण रीसेट करून इंटरनेटला जोडल्यावर ते एखाद्या ऑफिसचा ईमेल मागू लागलं, तर ते अजून त्या ऑफिसच्या नोंदीत आहे. ते कुलूप आम्ही काढत नाही. ज्याने दिलं त्यालाच ऑफिसातून सोडवून आणायला सांगा. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, पासवर्ड आहे का तेही तेव्हाच बघा.

तिसरं, बॅटरी. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देतं: मूळ क्षमता किती आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर किती उरते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. एसएसडीची तब्येतही मोफत सॉफ्टवेअरने दोन मिनिटांत कळते.

वीज, अर्थिंग आणि चार्जर

"लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात" ही तक्रार आम्ही एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त ऐकतो. बहुतेक वेळा दोष लॅपटॉपचा नसतो. जांभ्या दगडात अर्थिंग मुळात कठीण, त्यात उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. खड्ड्यात पाणी घाला, वायरमनला दाखवा, आणि तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसू नका. वळवाच्या विजा आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढूनच ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चार्जर बदलताना त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. ज्यावर तो नाही असे चार्जर आम्ही ठेवत नाही, म्हणून आमचा चार्जर दीड-दोनशेने महाग असतो.

वॉरंटी

एकच प्रश्न विचारा: माणूस घरी येणार की मशीन तुम्ही नेणार? नेणार असाल तर कुठे? उत्तर कोल्हापूर किंवा पणजी आलं तर जाण्यायेण्याचे दोन दिवस आणि घाटातली गाडी किमतीत धरा. पाणी आणि गंज साध्या वॉरंटीत सहसा येत नाहीत, म्हणजे आपल्याकडचे दोन मुख्य आजारच बाहेर. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा ज्यांनी ओलं मशीन "चालतं का बघू" म्हणून सुरू केलं, त्यांचे बोर्ड त्याच क्षणी जळले असणार. ओलं मशीन कधीही सुरू करू नका. चार्जर काढा, झाकण तंबूसारखं उलटं उभं करा आणि तसंच घेऊन या. तांदळात पुरू नका, आम्हाला पंख्यातून कणी वेचत बसावी लागते.

बिलावरचा सीरियल नंबर मशीनच्या तळाशी असलेल्याशी जुळवूनच दुकान सोडा, आमचंसुद्धा. कुठेही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आमच्याकडे येताना

दुसरीकडून घ्यायचा असला तरी मशीन दाखवायला आणा. बघायचे पैसे नाहीत. झाकण उघडून आतून साफ करायला पावसाळ्यानंतरचा, दसऱ्याच्या आसपासचा काळ चांगला. चार्जर सोबत हवाच, आणि आतले फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मात्र तातडीचं नसेल तर येऊ नका. तेव्हा आमचा मुलगाही मखराच्या लाइटिंगला गेलेला असतो.