साखर नव्हतीच, मग गोड काय लागलं?

मागच्या आठवड्यात भाची पुण्याहून बडोद्याला आली, येताना चहाचा एक डबा घेऊन आली, वर लिहिलेलं लेमन कँडी टी. आम्ही दांडिया बाजारात राहतो, घरात आत्या आहे, वय 71, तिच्या हिशोबाने चहा म्हणजे आलं, गवती चहा, दूध आणि साखर दीड चमचा, त्यामुळे हा बिनदुधाचा बिनसाखरेचा पिवळट चहा ती एक घोट घेऊन बाजूला ठेवणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. तिने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं ही तर लिमलेटची गोळी!" आणि मग लगेच, "साखर किती घातलीस गं?"

भाचीने साखर घातलीच नव्हती. मी डब्यावरची यादी वाचली, त्यात काळा चहा, वाळलेल्या सफरचंदाचे तुकडे, गवती चहा, ज्येष्ठमध आणि फ्लेवर एवढंच होतं. तरी आम्हा तिघांनाही तो गोड लागला, गोळीसारखा गोड, आणि मला काही चैन पडेना कारण जिभेवर साखर नसताना गोड लागतं म्हणजे नेमकं काय होतं हे मला नीट कळून घ्यायचं होतं.

सगळ्यात आधी एक सोपा प्रयोग, तुम्हीपण आज करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा, डोळे मिटा, आणि कोणाला तरी सांगा तोंडात एक गोळी टाकायला, संत्र्याची की लिंबाची की अननसाची ते न सांगता. नाक बंद असेपर्यंत फक्त गोड आणि आंबट कळतं, बास. नाक सोडलं की एका क्षणात संत्रं "येतं". कारण जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (अजिनोमोटोची असते ती चव) एवढ्याच चवी कळतात, बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतेक वासाचं काम आहे. आणि हा वास समोरून नाकात जाणारा नाही, तर चावताना, गिळताना, श्वास बाहेर सोडताना घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात चढणारा. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने 1982 साली मांडलं होतं की वास हे एकच इंद्रिय दोन कामं करतं, एक बाहेरच्या जगाची खबर देणं आणि दुसरं तोंडातल्या गोष्टीची. गंमत अशी की दुसऱ्या प्रकारचा वास आपल्याला नाकात जाणवतच नाही, तो जिभेवर आहे असं वाटतं, म्हणून आपण म्हणतो "चव छान आहे".

हाच प्रयोग आम्ही त्या चहावर केला. आत्याने नाक धरून घोट घेतला आणि म्हणाली, गरम पाणी आहे, थोडं तुरट, आणि मागाहून हळूच काहीतरी गोडसर राहतंय. ते मागाहून रेंगाळणारं गोड म्हणजे ज्येष्ठमध, त्यात ग्लिसिरायझिन असतं, साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड, पण त्याची गोडी उशिरा चढते आणि बराच वेळ जात नाही (लहानपणी खोकल्याला कांडी चघळायला मिळायची त्यांना हे आठवत असेल). म्हणजे थोडं गोड खरंच कपात होतं. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं, युरोपात दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या वर ग्लिसिरायझिन नको असा सल्ला आहे, तेव्हा बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी असे गोड-गोड हर्बल चहा घेण्याआधी डब्यामागची यादी वाचाच. आत्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून तिला आम्ही कधीतरी एखादा कप एवढंच कबूल केलंय.

पण नाक सोडल्याबरोबर जी गोडी एकदम चढली ती ज्येष्ठमधाची नव्हती, तो तर नाक धरलेलं असतानापण तोंडात होताच. मग मी ज्येष्ठमध काढूनच टाकायचं ठरवलं. खंडेराव मार्केटमधून गवती चहाची जुडी आणली, इथे भाजीवाल्याला गवती चहा म्हटलं तर काही वेळा कळत नाही, "लीली चा" म्हणावं लागतं, आणि तो न विचारता सोबत फुदिनाही बांधून देतो. चार पाती कापून नुसत्या उकळत्या पाण्यात टाकल्या, झाकण ठेवलं, पाच मिनिटांनी गाळलं. साखर नाही, ज्येष्ठमध नाही, काहीच नाही. नाक धरून प्यायलं तर साधं गरम पाणी. नाक सोडून प्यायलं तर आत्या, भाची, मी, तिघंही म्हणालो गोडसर आहे.

याचं कारण सिट्राल नावाचा पदार्थ. गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्रालच असतं. लिंबाच्या सालीच्या तेलात सगळ्यात जास्त लिमोनीन नावाचा दुसरा वासाचा पदार्थ असतो, सिट्राल अगदी थोडं, काही टक्केच, पण "हे लिंबू आहे" ही ओळख मुख्यतः त्या थोड्याशा सिट्रालमुळे पटते. संत्र्याच्या सालीत तर नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन, म्हणून तो वास वेगळा. आणि लिंबाच्या गोळ्यांना जो खास वास असतो तो पण सिट्रालचाच. म्हणजे लिमलेटची गोळी आणि आपल्या परसातला गवती चहा यांचा वास मुळातच एक. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोक कँडी फ्लेवरचाच चहा पीत आले, फक्त तसं कोणी म्हटलं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं आणि खूप आनंद झाला.

बरं पण सिट्राल स्वतः गोड नाही. जिभेवर गोड ओळखणारे जे रिसेप्टर असतात त्यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. मग गोड का?

तर मेंदूने ते शिकून ठेवलंय म्हणून. ऑस्ट्रेलियात 1995 साली स्टीव्हनसन, प्रेस्कॉट आणि बोक्स या तिघांनी लोकांना त्यांच्या फारशा ओळखीचे नसलेले वास, उदाहरणार्थ लिचीचा, काही वेळा साखरेच्या पाण्याबरोबर दिले आणि काही वेळा सिट्रिक ॲसिडबरोबर. नंतर तोच वास नुसता हुंगायला दिला तर साखरेबरोबर मिळालेला वास लोकांना आधीपेक्षा गोड वाटायला लागला आणि ॲसिडबरोबरचा आंबट. थोड्याच वेळा जोडी जमवली तरी एवढा फरक पडतो, तर लहानपणी शेकडो वेळा गोळी चघळून किती पक्कं बसत असेल विचार करा, आणि लिमलेटमधे तर साखर आणि सिट्रिक ॲसिड दोन्ही, म्हणून तो वास आला की गोडपण आठवतं आणि गालाच्या आत पाणीपण सुटतं. फिलाडेल्फियात 2000 साली झालेल्या एका प्रयोगात तर अजून पुढची गोष्ट दिसली, जिभेवर कळणारच नाही इतकं कमी सॅकरिन (साखरेऐवजी वापरतात ते) ठेवलं तर चेरी-बदामाचा वास लोकांना एरवीपेक्षा लवकर कळायला लागला, सॅकरिनऐवजी अजिनोमोटो ठेवलं तर तसं झालं नाही. म्हणजे चव आणि वास मेंदूत खरंच एकत्र होतात, पण ओळखीची जोडी असेल तरच.

आणि ही जोडी ज्याच्या त्याच्या बालपणाची. मिथाइल सॅलिसिलेट म्हणून एक पदार्थ आहे, आपल्याला त्याचा वास आला की गुडघ्याला लावायचा बाम आठवतो. अमेरिकेत तोच वास विंटरग्रीनच्या गोळ्यांचा, च्युइंगगमचा. 1966 मधे ब्रिटनमधे विचारलं तर तो वास नावडत्या वासांत गेला, 1978 मधे अमेरिकेत विचारलं तर आवडत्यांत. पदार्थ एकच. आत्याला कोणी विंटरग्रीन कँडी टी पाजला तर ती विचारेल कोणाचे पाय दुखतायत.

आता आठवणीचं. दुसऱ्या घोटाला आत्या बोलायला लागली ती थांबेचना, मांडवीजवळचं दुकान, काचेची बरणी, तिचे वडील म्हणजे माझे आजोबा पगाराच्या दिवशी कागदाच्या पुडीत गोळ्या आणायचे, एक गोळी दातांनी फोडून भावात वाटायची, कामाटीबागेत गेलं तर खिशात चिकटलेली असायची. हे सगळं ती सहा-सात वर्षांची असतानाचं. स्वीडनमधे 2006 साली 65 ते 80 वयाच्या 93 लोकांवर एक अभ्यास झाला होता, त्यात शब्द किंवा चित्र दाखवलं की आठवणी जास्त करून अकरा ते वीस या वयातल्या निघाल्या, आणि वास दिला की दहा वर्षांच्या आतल्या. मेंदूची रचना बघितली तर थोडं लक्षात येतं. डोळ्याकानाकडून येणारे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर थांबतात मग पुढे जातात, वासाचा निरोप मात्र नाकाच्या वरच्या गंधकंदातून सरळ त्या भागात जातो जिथे अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस म्हणजे भावना आणि आठवणींचं काम करणारे भाग अगदी शेजारी आहेत. पण वासाने आलेली आठवण जास्त खरी असते असं नाही हां, ती जास्त भावनेने भरलेली असते एवढंच प्रयोगांत दिसतं. आत्या म्हणते बरणीचं झाकण हिरवं होतं, बाबा म्हणतात लाल, दोघंही शपथेवर सांगायला तयार.

गोळीबद्दलपण थोडं सांगते. साखरेचा पाक साधारण 150 अंशाला नेला की त्यात पाणी अगदी नावाला उरतं, आणि तो थंड झाला की साखरेचे खडे न होता काचेसारखा पारदर्शक घट्ट होतो, शास्त्रीय अर्थानेही ती काचच असते. वासाचं तेल आणि ॲसिड पाक थोडा निवला की मग घालतात, नाहीतर वास वाफेबरोबर उडून जाईल. एकदा काच झाली की सिट्राल आत अडकून बसतं, गोळी विरघळेल तसं सुटतं. चहाचं उलट, वाळकी पत्ती सच्छिद्र असते, आजूबाजूचा वास पटकन ओढून घेते (म्हणून तर चीनमधे मोगऱ्याच्या कळ्या पत्तीबरोबर थर लावून ठेवतात) आणि तितक्याच पटकन सोडतेही. त्यामुळे असा डबा मसाल्याच्या फडताळात ठेवू नका आणि झाकण उघडं टाकू नका.

घरी करायचं असेल तर गवती चहा फार वेळ उकळू नका, सगळं घर घमघमतं पण कपात काही उरत नाही. झाकण ठेवा. दूध घालाल तर वास थोडा दबणार कारण सिट्राल स्निग्धात विरघळतं आणि दुधातलं फॅट त्याला धरून ठेवतं. आणि कप थोडा कोमट होऊ द्या, पण अगदी गार नको, गोड चव पोचवणारी जिभेच्या पेशींमधली जी यंत्रणा आहे ती 15 अंशांपेक्षा 35 अंशाला कितीतरी जोरात काम करते, वितळलेलं आइस्क्रीम जास्त गोड लागतं ते त्यामुळेच.

परवा आत्याने नेहमीचा चहा केला, दूध घालायच्या आधी पाण्यात गवती चहाची तीन पाती जास्त टाकली, झाकण ठेवलं आणि साखर दीडची एक चमचा केली. कोणाला काही बोलली नाही. बाबांनी कप संपवून खाली ठेवला आणि म्हणाले आज चहा मस्त झालाय, तेव्हा तिने सांगितलं.