सलग तीन तास गैरहजर : एका आग्रहामागचा इतिहास

सलग तीन तासांना एखादा विद्यार्थी दिसला नाही, की आमच्या मॅडम स्वतः फोन लावायच्या. ‘का आला नाहीस’ असं त्या विचारत नसत. जेवलास का, झोप लागते का, एवढंच. गेल्या महिन्यात आजारपणात त्या गेल्या. शोकसभेत एकामागून एक माणसं उठून या फोनबद्दल बोलली, आणि बहुतेकांनी तो त्यांचा मायाळू स्वभाव मानला. माया होतीच. पण हजेरीपटाकडे असं पाहण्याला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि मॅडमनी तो बारकाईने वाचला होता. तो लिहून ठेवावासा वाटला.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० मध्ये विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली. तिथली ती अशी पहिलीच मानली जाते. तिच्यामागे मानसोपचारतज्ज्ञ स्ट्युअर्ट पॅटन होते. निमित्त होतं गळतीचं. अभ्यासात कुठेही कमी नसलेली मुलं पदवीआधीच विद्यापीठ सोडत होती, आणि त्याचं मूळ मनाच्या त्रासात आहे, हे लक्षात आलं होतं. म्हणजे कुणी मदत मागायला आलं म्हणून नव्हे, तर कुणी येईनासं झालं म्हणून ही सेवा उभी राहिली. मॅडमना या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं वाटे, आणि मलाही वाटतं.

त्याआधी दोन वर्षं, १९०८ मध्ये, क्लिफर्ड बिअर्स यांनी मनोरुग्णालयांतले स्वतःचे अनुभव पुस्तकरूपाने मांडले होते. येल विद्यापीठात शिकत असतानाच भावाच्या आजाराने त्यांच्या मनात भीती बसली होती, आपल्यालाही हेच होणार अशी. ती त्यांनी आतल्या आत सोसली आणि पुढे ते कोसळले. बरे झाल्यावर मात्र त्यांनी मानसिक आरोग्याची चळवळच उभी केली. १९४५ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी शिकागो विद्यापीठात समुपदेशन केंद्र सुरू केलं. उपदेश न करता समोरच्याचं ऐकून घेणं हा त्यांच्या कामाचा गाभा होता. मॅडमच्या फोनवर ‘का’ हा शब्द नसायचा, ते इथून आलं.

पण तज्ज्ञाच्या खोलीपर्यंत पोहोचण्याचं बळच उरलं नसेल तर? त्या मुलांसाठी वाट वेगळ्याच ठिकाणाहून निघाली. चॅड व्हारा नावाच्या तरुण धर्मोपदेशकाने १९३५ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीचे अंत्यसंस्कार केले. पाळी आली, तो कुठला तरी भयंकर रोग आहे असं समजून तिने जीव दिला होता. तिला विचारायला एकही माणूस नव्हतं. ही गोष्ट सांगताना मॅडमचा आवाज दर वेळी कापायचा. व्हारा यांनी १९५३ मध्ये लंडनमध्ये ‘समॅरिटन्स’ ही फोनवरून आधार देणारी संस्था सुरू केली. फोन उचलणारे डॉक्टर नसले, शिकवून तयार केलेले साधे स्वयंसेवक असले, तरी आधार देता येतो, हे त्या कामातून दिसलं. १९७० मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात पहिली ‘नाइटलाइन’ सुरू झाली. सगळी कार्यालयं बंद असतात तेव्हा, रात्री, विद्यार्थीच विद्यार्थ्यांचं ऐकू लागले.

पुढचं पाऊलही एका विद्यार्थिनीनेच टाकलं. अॅलिसन मॅलमन अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना, २००० मध्ये, तिच्या भावाने आत्महत्या केली. तोही विद्यार्थी होता, आणि आपला आजार त्याने बराच काळ लपवला होता. तिने विद्यापीठात याविषयी उघड बोलणारा गट सुरू केला. २००३ पासून त्याचं काम ‘अॅक्टिव्ह माइंड्स’ नावाने देशभर पसरलं.

हे सगळं थोड्यांपुरतं आहे, असं कुणी म्हणालं की मॅडम २०१८ चा एक अभ्यास पुढे करायच्या. आठ देशांतल्या एकोणीस विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या जवळजवळ चौदा हजार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले गेले होते. सुमारे ३५ टक्के जणांच्या उत्तरांतून, आयुष्यात केव्हा तरी निदान एका मानसिक विकाराची लक्षणं दिसून गेल्याचं आढळलं. साठ जणांच्या वर्गात ते वीसेक होतात. मॅडम हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायच्या आणि मग हजेरी घ्यायला लागायच्या.

त्यांचा वर्ग आता माझ्याकडे आला आहे. हजेरीपटात काही नावांपुढे त्यांनी पेन्सिलीने बारीक टिंबं केलेली आहेत, फोन केल्याच्या खुणा. शेवटच्या दोन नावांपुढे टिंब नव्हतं. त्या दोघांना मी काल फोन केला.