गोटी-मतदान (गॅम्बिया)

पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया या देशात मतपत्रिकेऐवजी काचेची गोटी वापरून मत देण्याची पद्धत. अक्षरओळख नसलेल्यालाही कोणाच्या मदतीवाचून आणि गुप्तपणे मत देता यावे, हा तिचा मूळ हेतू. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी २०२१ सालीही हीच पद्धत वापरली गेली.

उगम : पद्धत ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस आली असे सामान्यतः मानतात, वर्षाविषयी मात्र एकवाक्यता नाही. वृत्तलेखनात बहुधा १९६५ हे स्वातंत्र्याचे वर्ष दिलेले आढळते. ते स्वीकारण्यात अडचण अशी, की त्या वर्षी सार्वत्रिक निवडणूक झालीच नाही. निवडणुका १९६२ व १९६६ साली झाल्या. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये झाले ते प्रजासत्ताकाविषयीचे सार्वमत. बाथर्स्ट (सध्याचे बांजुल) वसाहतीबाहेरच्या संरक्षित प्रदेशात प्रौढ मताधिकार १९६० च्या निवडणुकीने पोहोचला आणि निरक्षर मतदारांचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हाच उभा राहिला. त्यामुळे १९६० च्या दशकाचा पूर्वार्ध एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. इंग्रजीतील ‘बॅलट’ हा शब्द ‘लहान गोळा’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला, याचा दाखला या संदर्भात हौसेने दिला जातो; पण त्यातून गॅम्बियातील प्रथेचा उगम उलगडत नाही.

साधने व कार्यपद्धती : प्रत्येक उमेदवारासाठी पत्र्याचे एक पिंप असते. ते त्याच्या रंगात रंगवून त्यावर छायाचित्र व चिन्ह लावतात. २०१६ साली याह्या जामे यांचे पिंप हिरवे, आदामा बॅरो यांचे चंदेरी, तर मामा कांडे यांचे जांभळे होते. मतदान सुरू होण्यापूर्वी पिंपे रिकामी असल्याचे उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवून ती मोहोरबंद करतात. ओळख पटल्यावर बोटाला शाई लावून मतदाराला एक गोटी दिली जाते. आडोशामागे जाऊन तो ती पिंपावरच्या नळीत सोडतो. आत घंटी बसवलेली असते. गोटी तिच्यावर आदळली की टण् असा एकच आवाज बाहेर ऐकू येतो. तळाशी वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरलेला असल्याने गोटी खाली पडताना दुसरा आवाज होत नाही. म्हणून दोनदा टण् झाले, तर कोणीतरी दोन गोट्या टाकल्या असा अर्थ. सायकलच्या घंटीने घोटाळा होऊ नये म्हणून केंद्राजवळ सायकलींना मज्जाव असल्याचे सांगतात.

भारतातही १९५१-५२ व १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मात्र कागद पेटीत पडला की मतदाराच्या खिशातच राहिला, हे आवाजावरून कळण्याची सोय तेथे नव्हती.

मोजणी : गोट्या २०० किंवा ५०० खळग्यांच्या तबकात ओततात. तबक भरले की आकडा झाला. पूर्वी पिंपे मोजणीच्या ठिकाणी वाहून न्यावी लागत. २०१६ साली केंद्रातच, प्रतिनिधींच्या देखत मोजणी सुरू झाली. घंटीपेक्षा हा बदल उत्तरदायित्वाच्या दृष्टीने अधिक मोलाचा मानावा लागेल. १ डिसेंबर २०१६ च्या मतदानात १९९४ च्या लष्करी उठावापासून सत्तेवर असलेले जामे हरले व त्यांनी पराभव मान्यही केला. त्यानंतर निवडणूक आयोगाने बेरजेतील चूक दुरुस्त केली : बॅरो २,६३,५१५ वरून २,२७,७०८, तर जामे २,१२,०९९ वरून २,०८,४८७ मतांवर आले. विजेता तोच राहिला, पण आघाडी ५१,४१६ वरून १९,२२१ झाली. चूक कागदावरच्या बेरजेची होती. जामे यांनी ९ डिसेंबरला निकाल नाकारला तो याच दुरुस्तीचा आधार घेऊन. बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ रोजी सेनेगलमधील डाकार येथे, गॅम्बियाच्या दूतावासात झाला. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाने सैन्य धाडल्यावर जामे २१ जानेवारीला देश सोडून गेले.

मर्यादा : उमेदवार वाढले की पिंपे वाढतात, आणि ती रंगवण्याचा व केंद्रोकेंद्री पोहोचवण्याचा व्यापही. या कारणाने कागदी मतपत्रिकेकडे वळण्याचा विचार पुढे आला होता. तरी ४ डिसेंबर २०२१ रोजी सहा उमेदवारांसाठी सहा पिंपे मांडली गेली.