मापुंगुब्वेचा गेंडा: शिंग मोजायचं की पाठ बघायची?

दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वे टेकडीवरच्या एका कबरीत मिळालेल्या सोन्याच्या गेंड्याचा फोटो आपल्याकडे कुणालाही दाखवा, "अरे, हा तर आपला एकशिंगी!" असंच उत्तर येईल. चूक समजण्यासारखी आहे. आफ्रिकेतले गेंडे, काळा काय नि पांढरा काय, दोन शिंगांचे. एकच शिंग असतं ते आशियात, जसं काझीरंगातल्या आपल्या गेंड्याला. आणि या सोन्याच्या गेंड्याच्या नाकावरही शिंग एकच आहे. त्यावरून ही वस्तू, निदान तिची कल्पना तरी, आशियातून गेली असावी असा तर्क केला गेला.

तर्क अगदीच हवेतला नाही. लिंपोपो आणि शाशे नद्यांच्या संगमाजवळची ही तेराव्या शतकातली राजधानी. इकडे देवगिरीला यादव होते, तो काळ. मापुंगुब्वेचं सोनं आणि हस्तिदंत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जायचं आणि समुद्रापलीकडून काचेचे मणी यायचे. चिनी भांड्यांच्या खापऱ्याही तिथे मिळाल्या आहेत. मग भारताचं नाव निघणारच.

पण घटकाभर शिंग विसरा आणि अंग बघा. आपल्या गेंड्याची कातडी म्हणजे चिलखत: खांद्यामागे एक खोल वळी, मांडीपुढे दुसरी, मानेभोवती जाड घड्या, वर पुटकुळ्यांसारखे उंचवटे. त्याला पाहिलेला कारागीर हे सोडत नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा जेमतेम इंचभराच्या, पण त्यांवरही या वळ्या ठसठशीत कोरलेल्या दिसतात. आफ्रिकी गेंड्याच्या अंगावर असं चिलखत नसतं. मापुंगुब्वेच्या गेंड्याचे खांदे भरदार, डोकं खाली झुकलेलं आणि मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत अंग सपाट. एक वळी नाही. ज्याने सोन्याचा पातळ पत्रा पोटाच्या गोलाईवर इतका नेटका बसवला, त्याला दोन-चार रेघा दाबणं काय अवघड होतं? त्याच्यासमोरच्या जनावराला त्या नव्हत्याच, असं मला ठामपणे वाटतं.

मग एकच शिंग का? इथे वस्तू घडवली कशी ते बघावं लागतं. तळहातावर मावेल एवढा हा गेंडा ओतीव नाही, मढवलेला आहे. आधी लाकडात कोरला, मग ठोकून पातळ केलेला पत्रा त्यावर चढवला आणि कडेकडेने बारीक सोन्याच्या खिळ्यांनी ठोकून बसवला. कान, शिंग, शेपूट वेगळे करून लावलेले. सातशे वर्षांत लाकूड कुजून गेलं. आज दिसतो तो गेंडा तुकडे जोडून उभा केलेला आहे. अशा वस्तूत वेगळं लावलेलं शिंग हरवू शकतं, किंवा कारागिराने एकातच भागवलेलं असू शकतं. आपल्या प्रवराकाठच्या दायमाबादला 1974 साली मिळालेला चाकांवरचा गेंडा आठवा. तो भरीव, ओतीव. अशा ओतकामात शिंग अंगाबरोबरच ओतता येतं, पत्र्याच्या कामात ते वेगळं लावावं लागतं. म्हणून मापुंगुब्वेच्या बाबतीत शिंगांची संख्या हा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे.

हे इतकं खोलात जाऊन सांगायचं कारण म्हणजे श्रेय. ग्रेट झिंबाब्वे या आजच्या झिंबाब्वे देशातल्या जुन्या नगराच्या दगडी भिंती आफ्रिकी माणसांनी बांधल्या हे वसाहतवाल्यांना पचत नव्हतं. ते फिनिशियनांचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं, नाव पुढे करायचे. 1929 साली पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून त्या आफ्रिकींच्याच आहेत असं सांगितलं, तरी जुन्या कथा बराच काळ टिकल्या. मापुंगुब्वेचं सोनं 1932 च्या अखेरीस उजेडात आलं ते याच वातावरणात. एका शिंगावरून गेंडा परका ठरवला की त्याचा सोनारही परका ठरतो.

आणि हा गेंडा काही एकटा नव्हता. त्याच कबरीत पत्र्यानेच मढवलेला राजदंड आणि वाडगं होतं. शेजारच्या एका कबरीत बसवून पुरलेली बाई होती: हजारो सोन्याचे मणी आणि पायांत तारेचे शंभरांहून जास्त वाळे. पत्रा, तार, मणी, खिळा, चारही कामं याच टेकडीवर. गेंड्याच्या कडेचे ते बारीक खिळे फोटो मोठा करून बघा. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा शिंगाचं भानच राहिलं नाही.