दाव्याचा उशीर आणि अपिलाचा उशीर: ब्रिटनमधील सामूहिक कपातीच्या खटल्यांत मुदतवाढ कशी मिळते

ब्रिटनमध्ये एखादी कंपनी बंद पडते, शेकडो कामगार एकाच वेळी कमी केले जातात आणि प्रकरण रोजगार न्यायाधिकरणात जाते, तेव्हा ‘मुदतवाढ’ हा शब्द दोनदा ऐकू येण्याची शक्यता असते. पहिल्यांदा तो दावा दाखल करण्याच्या संदर्भात येतो आणि दुसऱ्यांदा, निकाल लागल्यानंतर, त्या निकालाविरुद्ध अपील करण्याच्या संदर्भात. शब्द एकच असल्यामुळे कसोटीही एकच असेल, असा समज सहज होतो. दाव्याचा उशीर न्यायाधिकरणाने समजून घेतला होता, तेव्हा अपिलाचा उशीरही तसाच समजून घेतला जाईल, अशी आशा बाळगणारे पक्षकार कमी नाहीत. प्रत्यक्षात या दोन सवलतींचा पाया वेगळा आहे, त्या मागणाऱ्याला पडणारे प्रश्न वेगळे आहेत आणि उत्तर होकारार्थी येण्याची शक्यताही सारखी नाही.

आधी मूळ कायदा. १९९२ च्या कामगार संघटना व कामगार संबंध कायद्याच्या कलम १८८ नुसार, एकाच आस्थापनेतील २० किंवा त्याहून अधिक कामगारांना ९० दिवसांच्या आत कमी करण्याचा मालकाचा प्रस्ताव असेल, तर त्याने कामगारांच्या प्रतिनिधींशी आधी सल्लामसलत केली पाहिजे. कपात १०० जणांच्या खाली असेल तर पहिली बडतर्फी अमलात येण्यापूर्वी किमान ३० दिवस, आणि १०० किंवा त्याहून अधिक जणांची असेल तर किमान ४५ दिवस ही सल्लामसलत सुरू झालेली असावी लागते. एप्रिल २०१३ पूर्वी हा दुसरा आकडा ९० दिवसांचा होता. मालकाने हे कर्तव्य टाळले तर कलम १८९ खाली दावा करता येतो आणि न्यायाधिकरण मालकाला दंडात्मक स्वरूपाची भरपाई द्यायला लावू शकते. या लेखात पुढे येणाऱ्या खटल्यांच्या काळात तिची कमाल मर्यादा प्रत्येक कामगारामागे ९० दिवसांच्या पगाराइतकी होती. जेथे मालकाने मान्यता दिलेली संघटना असते, तेथे सल्लामसलत न झाल्याचा दावा त्या संघटनेनेच करायचा असतो. एकट्या कामगाराला तो करता येत नाही. मुदतीचा विचार करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण संघटनेचा उशीर हा तिच्या सर्व सभासदांचा उशीर होतो.

हा दावा शेवटची बडतर्फी अमलात येण्यापूर्वी किंवा त्यानंतर तीन महिन्यांच्या आत दाखल करायचा, असा नियम दीर्घकाळ चालत आला आहे. (२०२५ च्या रोजगार हक्क कायद्याने न्यायाधिकरणातील बहुतेक दाव्यांची मुदत सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद केली आहे, पण त्यामुळे पुढील कसोटी बदलत नाही.) मुदत उलटली असेल तर न्यायाधिकरण दोन गोष्टी पाहते. मुदतीत दावा करणे व्यवहार्य होते का, आणि ते नसेल तर त्यानंतर वाजवी वेळात दावा दाखल झाला का? हे दोन्ही प्रश्न वस्तुस्थितीचे आहेत. कामगाराला काय माहीत होते, काय माहीत असायला हवे होते, कोणी त्याला चुकीची माहिती दिली, तो आजारी होता का, हे सगळे पुराव्यातून ठरते. ही कसोटी सोपी नाही. साउथएंड नगरपालिकेच्या १९८४ मधील खटल्यात नोकरीवरून काढलेल्या दोघांनी कार्यालयांतर्गत अपिलाच्या निकालाची वाट पाहिली आणि त्यात मुदत गेली. कोर्ट ऑफ अपीलने त्यांचा उशीर माफ न करण्याचा निर्णय कायम ठेवला. उलट मार्क्स अँड स्पेन्सरच्या २००५ मधील खटल्यात, कर्मचारी महिलेला सल्ला केंद्राकडून अंतर्गत अपिलाचा सल्ला मिळाला पण दाव्याच्या मुदतीविषयी कोणीच सांगितले नाही, या कारणाने तिला सवलत देणारा निर्णय टिकला. या तरतुदीचा अर्थ कर्मचाऱ्याच्या बाजूने उदारपणे लावावा, असेही न्यायालयाने तेव्हा म्हटले. एका बाबतीत मात्र कसोटी निष्ठुर आहे. वकिलाची चूक ही सहसा अशिलाचीच चूक धरली जाते.

अपिलाची मुदत येथून पुढे सुरू होते आणि तिचा हिशोबही वेगळा आहे. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध रोजगार अपील न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी ४२ दिवस मिळतात. हे दिवस निकाल पक्षकाराच्या हाती पडल्यापासून मोजले जात नाहीत. तो पाठवला गेल्यापासून मोजले जातात. निकाल बुधवारी पाठवला असेल तर सहाव्या आठवड्याच्या बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत अपिलाची नोटीस पोहोचली पाहिजे. चार वाजून एका मिनिटाने पोहोचलेली नोटीस दुसऱ्या दिवशीची धरली जाते, म्हणजे ती मुदतीबाहेर जाते. निकालामागची लेखी कारणे सुनावणीतच किंवा निकाल पाठवल्यापासून १४ दिवसांत मागितली असतील, तर ४२ दिवस कारणे पाठवल्याच्या तारखेपासून धरले जातात. कारणे नंतर कधीतरी मागवली आणि ती येईपर्यंत थांबलो, तर घड्याळ तोपर्यंत चालूच राहिलेले असते. मूळ न्यायाधिकरणाकडे निकालाच्या पुनर्विचाराचा अर्ज दिला असला तरी अपिलाची मुदत थांबत नाही. दाव्याच्या वेळी वाद आपसांत मिटवण्यासाठीच्या सामंजस्य सेवेकडे प्रकरण असताना घड्याळ काही काळ थांबते. अपिलाच्या वेळी अशी कोणतीही विश्रांती नाही. दावा करताना शिकलेली ही सवय अपिलाच्या वेळी नेमकी अंगाशी येते.

आता उशीर झालाच तर काय? येथे दाव्यासारखी ‘व्यवहार्य होते का’ ही कायद्यात लिहिलेली अट नाही. अपील न्यायाधिकरणाच्या १९९३ च्या नियमांतील नियम ३७ ने केवळ एक सर्वसाधारण विवेकाधिकार दिला आहे. कागदावर पाहिले तर ही सवलत दाव्याच्या सवलतीपेक्षा मोकळी वाटते, आणि अनेकांची गल्लत होते ती बहुधा येथेच. व्यवहारात ती अधिक आवळलेली आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या १९९५ मधील खटल्यात न्यायमूर्ती ममरी यांनी तीन प्रश्न घालून दिले आणि ते आजही विचारले जातात: उशिराचे स्पष्टीकरण काय, ते स्पष्टीकरण म्हणजे चांगले कारण आहे का, आणि मुदत वाढवण्याचे अपवादात्मक पाऊल उचलावे अशी काही परिस्थिती आहे का? यामागचा विचार असा की, पहिल्या पायरीवर उशिरा आलेल्याचे म्हणणे अजून कोणीच ऐकलेले नसते, तर अपिलाला उशिरा येणाऱ्याचे म्हणणे ऐकून निवाडा झालेला असतो. समोरच्या पक्षाला प्रकरण संपले असे गृहीत धरण्याचा हक्क प्राप्त झालेला असतो. त्यामुळे उशीर थोडाच आहे, त्याने समोरच्याचे काही बिघडले नाही, किंवा अपिलातील मुद्दे भक्कम आहेत, अशा युक्तिवादांना येथे फारसे वजन मिळत नाही. मुदतीचे अज्ञान, वकिलाच्या कार्यालयातील गोंधळ, तडजोडीची बोलणी चालू असणे, कायदेविषयक मदतीच्या निर्णयाची वाट पाहणे, यांपैकी काहीही सहसा पुरेसे कारण मानले जात नाही. विशेष म्हणजे ज्या खटल्यात ही कडक तत्त्वे मांडली गेली, त्यात प्रत्यक्षात मुदतवाढ मिळाली होती. अपीलकर्ता परकीय राष्ट्र होता, मूळ न्यायाधिकरणाने राष्ट्राला असलेल्या कायदेशीर संरक्षणाची दखल घेतली नव्हती, आणि ती घेणे हे न्यायालयाचे स्वतःचेच कर्तव्य होते. नियम किती घट्ट आहे हे त्याच्या अपवादावरूनच अधिक स्पष्ट होते.

एक छोटासा मऊपणा अलीकडे आला आहे. पूर्वी अपिलाच्या नोटीसला मूळ दाव्याचा अर्ज आणि मालकाचे उत्तर जोडले नाही तर नोटीस वेळेत पोहोचूनही अपील मुदतीबाहेर धरले जाई. एखादे पान राहून गेल्यामुळे लोकांची अपिले गेली आहेत. ३० सप्टेंबर २०२३ पासून त्या दोन कागदांची सक्ती काढण्यात आली, आणि किरकोळ चूक दुरुस्त केली गेल्यावर मुदत वाढवण्याची वाट नियमातच करून दिली आहे. मात्र हा मऊपणा वेळेत आलेल्या पण अपुऱ्या नोटीसपुरता आहे. नोटीसच उशिरा आली तर वरचे तीन प्रश्न तसेच उभे राहतात.

आणखी एक फरक पद्धतीचा आहे. अपिलासाठी जादा वेळ हवा असेल तर ‘मला आणखी दोन आठवडे द्या, मग नोटीस पाठवतो’ असा अर्ज करून भागत नाही, कारण नोटीस दाखल झाल्याखेरीज मुदतवाढीचा विचारच होत नाही. म्हणजे आधी अपील, मग उशिराची माफी. अर्जावर निबंधक कागदपत्रांवरून निर्णय देतो आणि तो पटला नाही तर पाच दिवसांच्या आत न्यायाधीशाकडे दाद मागता येते. येथे पाच दिवसांची ही मुदतही चुकवून बसणारे पक्षकार असतात, हे सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल, पण मुदतीच्या प्रकरणांत मुदतच चुकणे ही जुनीच विडंबना आहे.

त्यापुढची पायरी इंग्लंड व वेल्सच्या कोर्ट ऑफ अपीलची. तेथे वेळ सर्वसाधारणपणे २१ दिवसांचा असतो, शिवाय अपिलाची परवानगीही लागते, आणि परवानगी व मुदतवाढ या दोन स्वतंत्र गोष्टी असल्याने एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. दोन्ही पक्षांनी आपापसांत मुदत वाढवायचे ठरवले तरी ते चालत नाही. २०१४ मध्ये या न्यायालयाने स्पष्ट केले की, उशिरा आलेल्या अपिलांना दिवाणी नियमभंगाची तीन टप्प्यांची कसोटी लागू होईल: चूक किती गंभीर, ती का झाली, आणि सर्व परिस्थिती पाहता काय न्याय्य. त्याच निकालात असेही ठरले की सरकारी खात्यांना वेगळे माप नाही, आणि वकील नेमायला पैसे नसणे हेही स्वतःहून चांगले कारण ठरत नाही.

सरकारचा उल्लेख येथे अनाठायी वाटू शकेल, म्हणून दोन्ही प्रसंगांतील एक मोठा फरक नोंदवणे भाग आहे. दावा उशिरा करणारा नेहमी कामगार किंवा त्याची संघटना असते. अपील उशिरा करणारा मात्र मालक, दिवाळखोरीत नेमलेला प्रशासक किंवा खुद्द मंत्रीही असू शकतो. कंपनी बुडालेली असते तेव्हा न्यायाधिकरणाने ठरवलेल्या भरपाईपैकी काही भाग, कमाल आठ आठवड्यांच्या पगाराइतका आणि तोही आठवड्याच्या ठरलेल्या मर्यादेत, राष्ट्रीय विमा निधीतून द्यावा लागतो. त्यामुळे हरलेली कंपनी गप्प बसली तरी बिल भरणारे सरकार गप्प बसेलच असे नाही.

वूलवर्थ्स या साखळीचे प्रकरण असेच होते. नोव्हेंबर २००८ मध्ये ती प्रशासकाच्या हाती गेली आणि जानेवारी २००९ च्या सुरुवातीला तिची ८०० हून अधिक दुकाने बंद झाली. एथेल ऑस्टिन या कपड्यांच्या साखळीचे प्रकरण त्याच्याशी जोडले गेले. न्यायाधिकरणांनी भरपाई दिली, पण जेथे २० पेक्षा कमी कर्मचारी होते अशा दुकानांतील वूलवर्थ्सचे सुमारे ३,२०० आणि एथेल ऑस्टिनचे सुमारे १,२०० जण तिच्यातून वगळले गेले, कारण प्रत्येक दुकान ही स्वतंत्र आस्थापना धरली गेली. मे २०१३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ‘एकाच आस्थापनेतील’ हे शब्दच दुर्लक्षून संघटनेचे अपील मान्य केले. त्या सुनावणीत मंत्र्यांच्या वतीने कोणी हजर नव्हते; निकालाचा भार मात्र सरकारी निधीवर पडणार होता आणि देशभरातील मालकांनाही त्याची झळ पोहोचणार होती. मंत्री नंतर कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेले, तेथून २०१४ मध्ये प्रश्न लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला गेला, आणि ३० एप्रिल २०१५ रोजी त्या न्यायालयाने आस्थापना म्हणजे कामगाराला ज्या घटकात कामासाठी नेमले आहे तो घटक, हाच अर्थ ग्राह्य धरला.

सुनावणीला न येता नंतर अपील करणाऱ्याची बाजू आणि निकाल जिंकून निश्चिंत झालेल्याची बाजू यांत न्यायालय मुदतीच्या प्रश्नावर इतके सावध का राहते, ते या तारखा शेजारी ठेवल्या की कळते. मे २०१३ च्या निकालाने ज्या दुकान-कर्मचाऱ्यांच्या पदरी काही पडेल असे दिसले, त्यांपैकी वूलवर्थ्सच्या लोकांना दुकाने बंद झाल्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ थांबून शेवटी उलटा निष्कर्ष ऐकावा लागला.