एस्काफ्लोने : भागवार समीक्षण

'तेंकू नो एस्काफ्लोने' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या प्रत्येक भागाचे, कथेच्या ओघातले त्याचे स्थान ध्यानात ठेवून केलेले स्वतंत्र परीक्षण. सनराइझ या संस्थेची ही २६ भागांची मालिका टीव्ही टोकियो वाहिनीवरून २ एप्रिल ते २४ सप्टेंबर १९९६ या काळात दर आठवड्याला प्रसारित झाली. मूळ कल्पना शोजी कावामोरी यांची, दिग्दर्शन काझुकी आकाने यांचे, पात्ररेखाटन नोबुतेरू युकी यांचे, यंत्रांची आखणी किमितोशी यामाने यांची आणि संगीत योको कान्नो व हाजिमे मिझोगुची यांचे. नायिका हितोमी कान्झाकी हिला आवाज देणारी माया साकामोतो प्रसारणाच्या वेळी अवघी १६ वर्षांची होती. शीर्षकगीतही तिनेच गायले आहे.

ही मालिका अद्भुतरम्य मेका या प्रकारात मोडते. माणूस आत बसून चालवतो तो महाकाय यंत्रयोद्धा म्हणजे मेका. एरवी तो भविष्यकाळात, अवकाशयुद्धात किंवा आधुनिक शहरात दिसतो; या प्रकारात मात्र तो राजे, सरदार, ड्रॅगन आणि भाकिते यांच्या जगात वावरतो. या प्रकाराचा उगम वादग्रस्त आहे. काही जण तो १९७५ सालच्या 'युशा रायदीन'पर्यंत मागे नेतात, कारण त्यातील यंत्रयोद्धा मू या लुप्त संस्कृतीतला असून त्याची शक्ती तांत्रिकापेक्षा गूढ स्वरूपाची आहे. रायदीनची कथा मात्र आजच्या जपानातच घडते. कथेचे जगच निराळे असणे ही कसोटी लावली, तर 'सेइसेन्शी दनबाइन' (१९८३–८४, ४९ भाग) या योशियुकी तोमिनो दिग्दर्शित मालिकेला आद्यत्वाचा मान देणे अधिक सयुक्तिक ठरते. तिच्यात टोकियोचा एक तरुण बायस्टन वेल या समांतर जगात खेचला जातो, आणि तिथली यंत्रे कीटकांच्या कवचासारखी दिसतात व चालकाच्या आत्मिक तेजावर चालतात. पुढे १९८४ मध्ये 'किकोकाई गारियन' आणि १९९४ मध्ये 'मॅजिक नाइट रेअर्थ' यांनी हा धागा चालवला. एस्काफ्लोनेने त्यात तरुण मुलीच्या भावविश्वाचा आणि भविष्यकथनाचा धागा असा काही विणला की युद्धकथा आणि प्रेमकथा वेगळ्या काढता येत नाहीत. रेअर्थच्या नायिकाही शाळकरी मुलीच आहेत, तरी हे मिश्रण एस्काफ्लोनेइतके एकजीव दुसरीकडे क्वचितच साधले आहे.

भागवार समीक्षणाला मालिकेच्या घडणीतच आधार आहे. जपानी दूरचित्रवाणीवरील असा भाग अर्ध्या तासाच्या वेळेत बसतो, जाहिरातीसाठी मध्ये दुभंगतो आणि पुढच्या भागाच्या झलकेने संपतो. प्रत्येक भागाचा चित्रपटल-आराखडा (स्टोरीबोर्ड), भाग-दिग्दर्शन आणि चित्रणाची देखरेख बहुधा वेगवेगळ्या हातांत असते. त्यामुळे एकाच मालिकेतले दोन लागोपाठचे भाग रेषेत, लयीत आणि चेहऱ्यांच्या ठेवणीत फरक दाखवतात. संपूर्ण मालिकेवर एकच निबंध लिहिणारा हे फरक सपाट करून टाकतो. भागवार लिहिणाऱ्याला श्रेयनामावली वाचावीच लागते.

संहितेचा प्रश्न : एस्काफ्लोनेच्या बाबतीत 'पहिला भाग' म्हणताच 'कोणत्या पाठातला?' हा प्रश्न उभा राहतो. मालिकेचे निदान तीन पाठ प्रचलित आहेत. पहिला १९९६ चा प्रसारित पाठ. दुसरा जपानमधील घरगुती व्हिडिओचा विस्तारित पाठ : प्रसारणाच्या वेळेत न मावल्याने कापलेली दृश्ये त्यात परत घातली आहेत. हा विस्तार सुरुवातीच्या भागांपुरता आहे. सामान्यतः पहिले सात भाग त्यात गणले जातात. तिसरा पाठ अमेरिकेतील फॉक्स किड्स वाहिनीवर ऑगस्ट २००० पासून दाखवलेला. त्यात पहिला भागच गाळला होता, त्यातील काही दृश्ये आठवणींच्या रूपाने पुढे आणली होती, संगीताचा काही अंश बदलला होता आणि कथेचा भर हितोमीवरून वान या नायकाकडे वळवला होता. दहा भागांनंतर हे प्रसारण थांबले. कॅनडात मात्र वायटीव्ही वाहिनीवर मालिका शेवटपर्यंत दाखवली गेली.

या तिसऱ्या पाठाचे परिणाम दूरगामी आहेत. पहिला भाग गळाल्याने भागांचा क्रमांक सरकतो, आणि इंग्रजीतल्या त्या काळच्या मजकुरात 'तिसरा भाग' म्हटले असेल, तर तो मूळचा कितवा हे आशयावरून ताडून पाहावे लागते. त्याहून गंभीर हानी आशयाची आहे. पहिल्या भागात हितोमी ही कामाकुरातली शाळकरी धावपटू आहे. १०० मीटरचे अंतर १३ सेकंदांच्या आत कापले, तर ज्याच्यावर जीव जडला आहे त्या आमानोकडे पहिले चुंबन मागायचे, असे तिने ठरवले आहे. ती धावत असतानाच प्रकाशाच्या झोतात वान मैदानावर उतरतो, त्याच्यामागून ड्रॅगन येतो. वानच्या मृत्यूचे दृश्य हितोमीला आधीच दिसते, ती ओरडून त्याला सावध करते आणि तो वाचतो. मग तीही त्याच्यासोबत त्याच्या गाइया या जगात ओढली जाते. आपल्याला दिसते ते घडते, की आपण पाहतो म्हणून घडते, हा मालिकेचा मूळ प्रश्न याच भागात पेरलेला आहे. तो भाग नसेल, तर पुढचे पंचवीस भाग निव्वळ एका राजपुत्राची सूडकथा वाटू लागतात.

२०१६ मध्ये फनिमेशन या अमेरिकन वितरकाने लोकवर्गणीतून पैसे उभारून मालिकेचे नव्याने इंग्रजी ध्वनिमुद्रण केले. तेव्हा विस्तारित दृश्यांनाही इंग्रजी आवाज मिळाला. आज समीक्षण करणाऱ्याने विस्तारित पाठ आधाराला घ्यावा, प्रसारित पाठातील फरक नोंदवावेत आणि फॉक्स किड्सचा पाठ स्वीकृतीच्या इतिहासापुरता वापरावा, ही पद्धत सर्वांत निर्दोष दिसते. विस्तारित दृश्ये नंतर रचलेली नसून मुळात होती ती परत आणलेली आहेत, हे त्यामागचे मुख्य कारण.

पूर्वरूपे आणि संक्षेप : मालिकेची कल्पना कावामोरी यांना नेपाळच्या प्रवासात सुचली असे सांगितले जाते, धुक्याने भरलेल्या डोंगरदऱ्या पाहून त्या धुक्याखाली एखादे जग दडलेले असावे, असे त्यांच्या मनात आले.  सुरुवातीला दिग्दर्शक म्हणून यासुहिरो इमागावा यांची योजना होती. ते १९९४ च्या गुंडम या मेका मालिकेकडे वळले आणि काम रखडले. आकाने आल्यावर प्रकल्पाने मुलींच्या कथाविश्वाकडे स्पष्ट कल घेतला, हितोमी केसांनी आखूड आणि स्वभावाने खंबीर झाली. मधल्या काळात, १९९४ मध्ये, कात्सू आकी यांची याच नावाची चित्रकथा 'शोनेन एस' मासिकात सुरू झाली. ती मालिकेच्या आधीची असल्याने तिच्यात जुन्या आराखड्याचे अवशेष उरले आहेत. तिला मालिकेचे रूपांतर मानण्याची चूक वारंवार होते. वस्तुतः तिचे मोल आधीच्या खर्ड्याची साक्ष म्हणून आहे. युझुरू याशिरो यांची, मुलींच्या मासिकातली दुसरी चित्रकथा मात्र या दृष्टीने दुय्यम ठरते.

मालिका मुळात ३९ भागांची ठरली होती आणि पुढे २६ वर आणली गेली, असे सर्वत्र म्हटले जाते. वाद आहे तो या कपातीच्या परिणामाविषयी. एका मतानुसार ३९ भागांचा ऐवज २६ मध्ये कोंबल्याने उत्तरार्ध धावता झाला. दुसऱ्या मतानुसार कपात चित्रण सुरू होण्याआधीच ठरली होती, त्यामुळे दाटी ही रचनेचाच भाग आहे. अंतर्गत पुरावा दुसऱ्या मताकडे झुकतो. फ्रेइड या राज्याचे उपकथानक सुमारे १० ते १३ या भागांत सावकाश उलगडते : बालवयातला राजपुत्र चिद, त्याच्या जन्माचे रहस्य, पित्याचे मरण आणि राज्याचा पाडाव. ऐन निर्मितीत कात्री लागली असती, तर या बाल-राजपुत्राच्या दुःखाला एवढी जागा मिळणे अवघड होते. उत्तरार्धात मात्र पहिल्या मतालाही आधार सापडतो. राजकन्या मिलेर्ना आणि व्यापारी ड्रायडेन यांचा विवाह, शत्रुपक्षात गेलेला वानचा भाऊ फोल्केन याचे मनःपरिवर्तन आणि सेलेना या हरवलेल्या मुलीचे प्रकरण एकमेकांच्या अंगावर येतात, आणि शेवटच्या पात्राला तर स्वतःची कैफियत मांडायला पुरेसा अवकाशच मिळत नाही. ही मालिकेची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

समीक्षणाच्या रीती : भागवार लिहिणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही जण मालिका प्रथमच पाहत, प्रत्येक भागानंतर लगेच लिहितात. काही जण शेवट ठाऊक असताना पुन्हा पाहून लिहितात. पहिल्या रीतीत उत्कंठा आणि चुकलेले अंदाज टिकून राहतात, ज्यांना पुरावा म्हणून खरोखर किंमत आहे. एस्काफ्लोनेपुरता विचार केला तर दुसरी रीत अधिक फळ देते, कारण ही मालिका पेरणीवर उभी आहे.

हितोमीच्या गळ्यातील लोलक हे त्याचे उत्तम उदाहरण. आजीकडून आलेला हा लोलक नेमका सेकंदाला एक असा हेलकावतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पात्राचे वैशिष्ट्य वाटते आणि विसरले जाते. पुढे हरवलेल्या वस्तू आणि अदृश्य शत्रू शोधण्यासाठी हितोमी तोच लोलक वापरते. आणखी पुढे झाइबाख साम्राज्याचा वृद्ध सम्राट डोर्नकिर्क हा पृथ्वीवरून आलेला आयझॅक न्यूटन असल्याचे सूचित होते, आणि नियती हीही गुरुत्वासारखी मोजता व वळवता येणारी शक्ती आहे, असा त्याचा सिद्धान्त समोर येतो. मग कळते की एका मुलीच्या गळ्यातील आंदोलन आणि एका सम्राटाचे नियतियंत्र ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत : एकीकडे इच्छा मोजली जाते, दुसरीकडे तिच्यावर सत्ता गाजवली जाते. हे नाते एकट्या भागाच्या परीक्षणात सापडत नाही. ते भागांच्या ओळीतच दिसते. म्हणून लोलक जिथे जिथे पडद्यावर येतो ते प्रत्येक स्थळ टिपून ठेवणे हे या मालिकेच्या समीक्षकाचे पहिले काम मानावे.

दुसरे उदाहरण दिलांदाऊ या क्रूर सेनानीचे. त्याला मिनामी ताकायामा या अभिनेत्रीचा आवाज आहे. जपानी अ‍ॅनिमेत किशोर मुलांना स्त्रियांनी आवाज देण्याची परंपरा असल्याने कुणाला शंका येत नाही. त्याचे खरे रूप आलेन शेझार या सरदाराची हरवलेली बहीण सेलेना हे आहे, हे उघड झाल्यावर तीच परंपरा आडोसा म्हणून वापरली होती, हे ध्यानात येते.

यंत्रांच्या बाबतीत भागवार निरीक्षण विशेष उपयोगी पडते. येथील यंत्रयोद्ध्यांना गायमेलेफ म्हणतात. एस्काफ्लोने हा फानेलिया या वानच्या राज्यातील राजघराण्याचा गायमेलेफ. तो जागा होतो ड्रॅगनच्या हृदयातून काढलेल्या एनर्जिस्ट नावाच्या रत्नाने आणि राजाच्या रक्ताने. दुसऱ्या भागात फानेलिया पेटलेले असताना वान हा रक्तकरार करतो, तेव्हा ते केवळ दिमाखदार जागरण वाटते. कराराची दुसरी बाजू चौदाव्या भागाच्या सुमारास कळते : यंत्राला झालेल्या जखमा वानच्या अंगावर उमटतात, आणि तो वाचवायचा तर आधी यंत्र दुरुस्त व्हावे लागते. ते काम इस्पानो या कारागिरांच्या गूढ जमातीचे. यामाने यांनी या यंत्रांना अंगरखे, दातेरी चाके आणि चालकाच्या हातापायांशी जोडलेले सांधे दिले आहेत. त्यांची चाल जड आहे, वळताना वेळ लागतो, आणि तलवारीचा घाव चुकला की तोल जातो. या जडपणामुळेच इथले द्वंद्वयुद्ध विश्वसनीय वाटते. झाइबाखचे गायमेलेफ उलट अदृश्य होतात व द्रवधातूच्या नख्यांनी मारतात. सैन्यांची ही विषमता पुढच्या साऱ्या लढायांच्या मांडणीत टिकून राहते.

संगीताकडे भागवार परीक्षणांत पुरेसे लक्ष दिले जात नाही. वॉर्सा फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने वाजवलेले वृंदगानयुक्त तुकडे कोणत्या भागात कुठे येतात, याची संपूर्ण यादी करणे अगत्याचे आहे. मालिकेचे नाव मंत्रासारखे घोकणारे वृंदगान युद्धप्रसंगी येते, आणि त्याची योजना काटकसरीने झाल्यामुळे त्याचा धाक कमी होत नाही.

अखेरच्या टप्प्यात हितोमी पृथ्वीवर, पहिल्या भागातल्याच दिवसाच्या उंबरठ्यावर परत येते. त्याच मैदानातल्या प्रसंगांची दोन्ही भागांतील चौकटीनिशी तुलना करणे ही भागवार समीक्षणाची खरी कसोटी होय : काय जसेच्या तसे पुन्हा आले, काय बदलले, आणि बदल चित्रात आहे की फक्त हितोमीच्या नजरेत. ती पुन्हा गाइयाला जाण्याचे ठरवते तेव्हा नियतीने खेचलेली मुलगी स्वतः निवड करणारी होते, आणि मालिकेचा उत्कर्षबिंदू शेवटच्या लढाईत नसून इथे आहे, असे म्हणायला आधार मिळतो.

'एस्काफ्लोने' हा चित्रपट २४ जून २००० रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन आकाने यांचेच. पण कथा नव्याने रचलेली, हितोमी आयुष्याला विटलेली, वान अधिक रानटी आणि एकूण सूर काळोखा. पात्रांची नावे तीच असल्याने चित्रपटातील खुलासे मालिकेच्या भागांना लावण्याचा मोह होतो. दोहोंतील वंशावळी आणि घटनाक्रम जुळत नसल्याने मालिकेच्या समीक्षणात चित्रपटाचा दाखला तुलनेपुरताच द्यावा.