प्राग टॅरो

प्राग टॅरो : चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील इमारती, पुतळे, भिंतींवरील नक्षी आणि घरांच्या दारांवरची चिन्हे यांतून घडवलेला ७८ पत्त्यांचा टॅरो संच. टॅरो म्हणजे आधी खेळायला आणि पुढे भविष्य पाहायलाही वापरले गेलेले चित्रांचे पत्ते. प्रागमध्ये काम करणाऱ्या कॅरन माहोनी आणि अॅलेक्स उकोलॉव्ह यांनी तो तयार केला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. यातली चित्रे हाताने रंगवलेली नाहीत. शहरात फिरून काढलेली छायाचित्रे कापून, एकमेकांवर थर देऊन, संगणकावर एकजीव केलेली आहेत. एका पत्त्यावर दिसणारी आकृती, तिच्या मागचे आकाश आणि बाजूची कमान ही तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतून आलेली असू शकतात. कुठला तुकडा कुठून उचलला हे सोबतच्या पुस्तकात सांगितलेले असल्याने संच घेऊन शहर धुंडाळणारे हौशी लोकही तयार झाले.

एखाद्या शहराच्या कलेवर आणि वास्तुशिल्पावर टॅरो बेतण्याच्या प्रकारातले हे ठळक उदाहरण. हा प्रकार वरवर सोपा वाटतो : प्रसिद्ध इमारतींची ७८ छायाचित्रे घ्या, खाली नावे छापा. तसे केले तर हाती पोस्टकार्डांचा गठ्ठा येतो. खरी अडचण अशी की टॅरोतल्या प्रत्येक पत्त्याला स्वतःची एक हालचाल असते. कोणी कोसळत असतो, कोणी सिंहाचा जबडा धरून उभी असते, कोणी उलटा टांगलेला असतो. ती हालचाल शहरात कुठेतरी आधीच कोरलेली सापडावी लागते.

शहर आणि टॅरो

टॅरोचे पत्ते जन्मले तेच शहरांत. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात मिलान, फेरारा अशा उत्तर इटलीतील दरबारांत ते खेळण्यासाठी बनवले गेले. फेराराच्या दरबारी हिशेबात १४४२ मध्ये त्यांचा उल्लेख येतो. पेले, तलवारी, नाणी आणि दंड या चार रंगांच्या नेहमीच्या पत्त्यांत २२ चित्रपत्ते जास्तीचे घातले. त्यांतले २१ हुकमाचे आणि एक मूर्खाचा, म्हणजे खेळात वेगळेच काम असलेला. मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी केलेल्या एका सोनेरी कॅटातील ७४ पत्ते आजही आहेत : ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामोच्या कर्रारा संग्रहालयात आणि १३ बेर्गामोतल्याच एका खाजगी संग्रहात. त्यातल्या ‘जग’ या पत्त्यावर दोन उघडी बाळे एक गोल उचलून धरतात आणि त्या गोलात तटबंदीचे शहर दिसते. जग म्हणजे काय, तर भिंतींच्या आत वसलेले गाव, हा त्या काळचा हिशेब त्या एका चित्रात आहे.

फ्लॉरेन्सच्या ९७ पत्त्यांच्या मिन्किआते या संचात सर्वांत वरच्या हुकमावर तुताऱ्या घेतलेली आकृती खुद्द शहरावरून उडते. बोलोन्यात तर पत्त्यांवरून राजकारण पेटले. लुइजी मोंतिएरी नावाच्या धर्माधिकाऱ्याने १७२५ मध्ये पत्त्यांवर भूगोलाची माहिती छापली आणि बोलोन्याची राज्यव्यवस्था ‘मिश्र’ असल्याचे लिहिले. शहर पोपच्या अमलाखाली होते, त्यामुळे पोपच्या प्रतिनिधीला ते झोंबले आणि मोंतिएरीला अटक झाली. प्रकरण मिटले, पण पोप-सम्राटांच्या चार पत्त्यांच्या जागी चार मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान, आले. बोलोन्याच्या कॅटात ते आजही आहेत. ‘मार्सेय टॅरो’ हे नाव ऐकून त्यावर मार्सेय बंदर शोधायला मात्र जाऊ नये. ते एका चित्रशैलीचे नाव आहे, शहराचे दृश्य त्यात नाही.

भविष्य पाहण्याशी टॅरोचा संबंध बराच नंतर जोडला गेला. १७८१ मध्ये अंत्वान कूर द झेबलँ या फ्रेंच लेखकाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान असल्याचे जाहीर केले. त्याला कसलाही आधार नव्हता, कल्पना मात्र चिकटली. पत्त्यांवरून पुढचे कळते याला पुरावा नाही. पण चित्रांची एक सर्वांना ठाऊक असलेली भाषा म्हणून टॅरो टिकला, आणि शहरांवर संच बेतणाऱ्यांना उपयोग होतो तो या भाषेचाच.

पत्त्यांतील वास्तू

प्राग टॅरोची चौकट १९०९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट-स्मिथ संचाची आहे. ए. ई. वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रे असलेल्या या संचाने एक मोठा बदल रूढ केला. पूर्वी बहुतेक संचांत तिर्रीवर तीन नाणी आणि पंजीवर पाच नाणी एवढेच असे. स्मिथ यांनी साध्या पत्त्यांवरही माणसे आणि प्रसंग आणले. त्यामुळे या चौकटीत काम करणाऱ्याला २२ नव्हे, ७८ दृश्ये शोधावी लागतात, आणि गाडी अडते ती साध्या ५६ पत्त्यांवर.

या चित्रांत वास्तुशिल्प आधीपासून भरलेले आहे. विजेने कळस उडालेला मनोरा, चंद्राखालचे दोन बुरूज, महापुजारिणीच्या बाजूंना सॉलोमनच्या मंदिराचे दोन खांब. नाण्यांची तिर्री तर थेट बांधकामाचीच आहे : कमानीखाली बाकावर चढलेला पाथरवट हत्यार हातात धरून मागे वळला आहे, समोर एक भिक्षू आणि नकाशा धरलेला दुसरा माणूस उभा आहे. ती तीन नाणी वेगळी ठेवलेली नाहीत, कमानीच्या दगडातच कोरलेली आहेत.

प्रागची सोय

प्राग या कामाला सोयीचे पडते, त्याचे कारण बहुतेकदा ‘जादूची नगरी’ या तिच्या लौकिकात शोधले जाते. सम्राट दुसरा रुडॉल्फ याने १५८३ मध्ये दरबार प्रागला हलवला. त्याच्याभोवती किमयागार, ज्योतिषी आणि चित्रकार जमले. जॉन डी आणि एडवर्ड केली हे इंग्रज किमयागार तिथे आले, पुढे खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहे आणि केप्लरही. रॅबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, लोव यांनी मातीचा पुतळा करून जिवंत केलेल्या गोलेमची दंतकथा याच शहराची. हे सगळे आकर्षक आहे, पण टॅरोशी त्याचा सरळ संबंध नाही. रुडॉल्फ १६१२ मध्ये वारला आणि टॅरोच्या गूढविद्येची टूम त्यानंतर जवळपास १७० वर्षांनी निघाली. चेक प्रदेशात टॅरो रुजला तो ‘तारोकी’ या ५४ पत्त्यांच्या खेळाच्या रूपात, आणि त्याच्या हुकमांवर मृत्यू, सैतान असले काही नसून लोकजीवनातले प्रसंग असतात.

जास्त पटणारे कारण रस्त्यावर दिसते. प्रागमध्ये १७७० पर्यंत घरांना क्रमांक नव्हते. मारिया तेरेसाच्या राजवटीत, सैन्यभरतीच्या नोंदीसाठी, ते देण्यात आले. तोवर घर ओळखले जाई ते दारावरच्या चिन्हावरून : सोन्याची किल्ली, तीन व्हायोलिने, तांबडे कोकरू, दोन सूर्य. किल्ल्याकडे चढणाऱ्या नेरुदोवा रस्त्यावर अशी चिन्हे आजही रांगेने दिसतात. तीन व्हायोलिनांच्या घरात वाद्ये बनवणारे कुटुंब राहत असे. दोन सूर्यांच्या घरात लेखक यान नेरुदा लहानाचे मोठे झाले आणि पुढे रस्त्यालाच त्यांचे नाव पडले. वाचता न येणाऱ्या माणसालाही ‘दोन सूर्यांच्या घरी जा’ म्हटले की पुरत असे. टॅरोचेही तसेच होते. व्हिस्कोन्ती-स्फोर्झा पत्त्यांवर ना नाव, ना क्रमांक. कोणता हुकूम कोणाला मारतो हे खेळणाऱ्याने चित्र पाहून ध्यानात ठेवायचे. आकडे दोन्हीकडे मागाहून आले. चित्रावरून ओळखायची सवय असलेल्या शहरातून पत्ते काढणे त्यामुळे फारसे ओढूनताणून वाटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की प्रागच्या भिंतींवरची चित्रे आणि टॅरोतली चित्रे एकाच जुन्या भांडारातली आहेत. सद्गुण, ऋतू, राशी, मृत्यू, न्याय यांना माणसाचे रूप देण्याची युरोपीय रीत दोन्हीकडे आहे. नेरुदोवा रस्त्यावरच मोर्झिन महालाचा सज्जा दोन मूर खांद्यांवर तोलतात आणि वर ‘दिवस’ व ‘रात्र’ यांचे अर्धपुतळे आहेत. सामर्थ्याच्या पत्त्याला सिंह हवा असतो. बोहेमियाचे राजचिन्हच दोन शेपट्यांचा सिंह, त्यामुळे शहरात त्याला तोटा नाही. सेंट व्हीटस चर्चच्या दक्षिण दारावर १३७०–७१ मधले अखेरच्या न्यायाचे मोझेक आहे. काच आणि दगड यांच्या सुमारे दहा लाख तुकड्यांनी केलेल्या या चित्रात मेलेले लोक थडग्यांतून उठत आहेत. टॅरोतील ‘न्यायनिवाडा’ या पत्त्यावर नेमके हेच दृश्य असते. मोझेकच्या काचेत पोटॅश जास्त असल्याने हवेतल्या ओलाव्याने तिच्यावर राखाडी थर धरत असे आणि चित्र वारंवार दिसेनासे होई. शेवटी गेल्या शतकाच्या अखेरीस दीर्घ दुरुस्ती करून त्यावर संरक्षक लेप चढवला गेला.

जुन्या नगरभवनावरचे खगोलीय घड्याळ १४१० मधले. त्याच्या तबकडीवर सूर्य, चंद्र आणि राशींचे चक्र फिरते, म्हणजे तीन-चार पत्त्यांचा ऐवज एका भिंतीवर. तास भरला की बाजूचा सांगाडा एका हाताने घंटेची दोरी ओढतो. त्याच्या दुसऱ्या हातात वाळूचे घड्याळ असते. आरशात पाहणारा गर्विष्ठ, थैली धरलेला कंजूष आणि तुर्क हे तिघे माना हलवून ‘नाही’ म्हणत राहतात. मृत्यूच्या पत्त्याला हा सांगाडा अगदी आयता वाटतो, पण इथेच थोडे थांबावे लागते. स्मिथ यांच्या पत्त्यावरचा मृत्यू पांढऱ्या घोड्यावरून आलेला आहे आणि त्याच्या पायाशी राजा पडला आहे. घड्याळातला मृत्यू बोलावतो, पत्त्यावरचा येऊन पोचलेला असतो. अर्थ जवळचे असले तरी एक नाहीत, आणि असा आयता मिळालेला पुतळा पत्त्याचा अर्थ किंचित सरकवतो.

मनोऱ्याच्या पत्त्याबद्दल तर प्रागजवळ एक इतिहासच आहे. पत्त्यावर दोघे जण डोके खाली करून कोसळतात. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून दोन कॅथलिक अधिकारी आणि त्यांचा चिटणीस यांना बाहेर फेकण्यात आले. वीसेक मीटर खाली पडूनही तिघे वाचले. देवदूतांनी झेलले, असे एका पक्षाचे म्हणणे. उकिरड्यावर पडले, असे दुसऱ्याचे. त्यातून तीस वर्षांचे युद्ध उभे राहिले. पत्त्यावर पडणाऱ्यांचे पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही.

घडण

छायाचित्रांतून पत्ता बनवण्यात कारागिरीचा प्रश्न प्रकाशाचा. एक पुतळा सकाळी टिपलेला, दुसरा ढगाळ दुपारी. दोघांच्या सावल्या वेगळ्या दिशांना पडतात आणि डोळ्याला ते कळते. पुतळे उंचावर असल्याने खालून टिपावे लागतात, मग हनुवटी मोठी आणि कपाळ लहान येते. तीच आकृती पत्त्यावर समोरासमोर उभी करायची तर पार्श्वभूमीही तशीच वर झेपावणारी निवडावी लागते. टॅरोचा पत्ता साधारण ७ × १२ सेंटिमीटरचा, उभट. मनोरे, दारे, पुतळे त्यात बसतात, लांबलचक महाल बसत नाहीत. सग्राफितोच्या भिंती, म्हणजे गडद गिलाव्यावर फिका थर देऊन तो ओला असताना खरवडून काढलेली नक्षी, इतक्या लहान आकारात ठिपक्यांसारख्या दिसू लागतात.

छायाचित्र खरे असते असे आपण धरून चालतो, इथे तेही जपून. कार्ल पुलावर ३० मूर्ती व मूर्तिसमूह आहेत आणि त्यांतले पुष्कळसे आता प्रतिकृती आहेत. झिजलेले मूळ दगड संग्रहालयात नेऊन ठेवले आहेत.

उलट्या पत्त्यांची गोष्ट वेगळी. पत्ते मांडून भविष्य वाचणारे बरेच जण पत्ता उलटा आला तर त्याचा अर्थही वेगळा लावतात. रंगवलेली आकृती उलटी झाली तरी आकृती राहते. ओळखीची इमारत उलटी झाली की मात्र पाहणारा आधी मान तिरकी करून ती कुठली ते शोधू लागतो आणि अर्थ बाजूला राहतो. शहरावर बेतलेल्या संचांची ही अंगभूत खोट आहे, आणि शहर जितके ओळखीचे तितकी ती जास्त जाणवते. प्राग न पाहिलेल्या माणसाला हा संच वाचायला सोपा जातो, असे म्हटले तर चूक होणार नाही.

उलटा प्रवास

पत्त्यांतून वास्तू काढण्याचेही एक उदाहरण आहे. निकी द सँ फाल या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकर्तीने इटलीत तस्कनीमधील कापाल्बिओजवळ टॅरोच्या २२ चित्रपत्त्यांची बाग उभारली. बार्सिलोनातील वास्तुकार गाउदींचे पार्क ग्वेल पाहून तिला ही कल्पना सुचली होती. लोखंडी सांगाड्यावर काँक्रीट आणि त्यावर आरसे व रंगीत चिनी मातीचे तुकडे अशी ही शिल्पे आहेत, आणि काहींच्या आत शिरता येते. बाग १९९८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. बांधकाम चालू असताना द सँ फाल सम्राज्ञीच्या पत्त्यातच राहत असे. स्फिंक्सच्या आकाराच्या त्या शिल्पात एका स्तनात निजायची खोली होती आणि दुसऱ्यात स्वयंपाकघर.